तर्री धुतली, कांदा राहिला

मंडळी, होळीच्या आठ दिवस आधी बोलावलंत, हे बरं केलंत. एरवी आपली गाठ धुळवडीच्या संध्याकाळी पडते आणि तेव्हा कुत्रा माझ्या टेबलावर असतो.

नागपुरात धुळवड म्हणजे सकाळी रंग, मटणाच्या दुकानापुढे रांग आणि दुपारी सावजी रस्सा. कुत्रा स्वयंपाकघराच्या दारात लाळ गाळत बसलेला. कोणाला तरी दया येते. एक तुकडा नळाखाली धरला जातो, तर्री वाहून जाते, तुकडा त्याच्यापुढे पडतो. "आम्ही तं धुऊन देतो न, डॉक्टर!" दरवर्षी ऐकतो मी हे. अहो, तिखटानं फार तर पोट बिघडेल. भीती आहे ती वाटलेल्या कांदा-लसणाची. तो मटणात मुरलेला असतो. शिजवून त्याचं विष मरत नाही आणि नळाखाली तो सगळा निघतही नाही. त्यातल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला तरी रक्तात बदल दिसू शकतात. १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. लसूण त्याहून जहाल.

आणि त्या दिवशी कुत्रा अगदी मजेत असतो! तीन-चार दिवसांनी धापा टाकायला लागतो, जिना चढत नाही. ओठ वर करून पाहिलं तर हिरडी पांढुरकी, लघवी कोऱ्या चहासारखी. मी विचारतो, काय खाल्लं? "काही नाही जी, नेहमीचंच." मटण तोवर सगळेच विसरलेले असतात.

शिजलेलं हाड तडकून टोकदार होतं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ते गिळलं असेल तर घरी उलटी करवू नका. वर येतानाही ते फाडतं. मीठ-पाणी तर कशावरच पाजू नका, मिठाचीच विषबाधा होते.

पुरणपोळीवाले हसताहेत. तुमच्या कटाच्या आमटीत चिंच असते न? द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात, पण कशानं, हे बरीच वर्षं कळत नव्हतं. घरी केलेल्या खेळण्याच्या कणकेतलं क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, खाल्लेल्या कुत्र्यांत तशीच लक्षणं दिसली आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. चिंचेत तेच आम्ल भरपूर.

थंडाईबद्दल एकच. कुत्रा लटपटतोय, लघवी थेंबथेंब गळतेय, जरा आवाज झाला की दचकतोय, तर भांग होती का, हे सरळ सांगा. मी पोलिसात नाही.

घरचे पथ्य पाळतात हो. टेबलाखालून हात जातो तो पाहुण्या मामांचा. म्हणून पंगत बसायच्या आधी कुत्र्याचं पोट भरा आणि त्याला आतल्या खोलीत ठेवा. मटण द्यायचंच असेल तर फोडणीआधी बिनहाडाचे, बिनचरबीचे दोन-चार तुकडे साध्या पाण्यात वेगळे उकडा. धुळवडीला बरेच दवाखाने बंद असतात, तेव्हा उघडा कोणता, हे आजच विचारून ठेवा.

मागून ताई विचारताहेत, नुसता भात चालेल का? चालेल. फक्त रश्श्यातला डाव भातात घालू नका.