जवारी आणि तीन इअरफोन

(पडद्यावर: तंबोऱ्याची घोडी, अगदी जवळून. एक हात तारेखालचा दोरा सरकवतो.)

ऐका. तार तीच, छेडणारं बोट तेच. दोरा केसभर सरकला आणि आवाज मिटला. केसभर मागे आला, आवाज उमलला. तार घोडीला घासून उठणाऱ्या या झुळझुळीला जवारी म्हणतात. तंबोरे बनवणारे मिरजेचे कारागीर मिटलेलीला बंद जवारी म्हणतात, उमललेलीला खुली. घोडी घासत, दोरा हलवत ते हे जमवत बसतात, आणि त्यांना घाई केलेली चालत नाही.

आपला विषय मात्र इअरफोनचा आहे. कानात घालायचे महागडे इअरफोन एकमेकांशी ताडून बघायचे तर ऐकायचं काय? मी तंबोरा निवडला. काळी एकमध्ये लावलेला, पाच मिनिटं नुसता वाजणारा. खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर, म्हणजे बेसची परीक्षा तिथेच. तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याच्या पटीतले बारीक स्वरही वाजतात, ते स्वरांश. त्याच तारेचा पाचवा स्वरांश 346 हर्ट्झच्या आसपास येतो, तोच स्वयंभू गंधार, कुठलीही तार त्यात न लावता आपोआप ऐकू येणारा. त्याच्या वर काही हजार हर्ट्झपर्यंत जवारीचं झुळझुळणं. एका वाद्यात एवढं सगळं मिळाल्यावर ढोलताशांनी भरलेली गाणी कशाला हवीत!

(टेबलावर तीन इअरफोन.)

पहिला एटिमोटिकचा ईआर-4. 1991 सालचं मॉडेल, आणि या सगळ्या जातीचा मूळपुरुष म्हणावा असा. मीड किलियन हे श्रवणयंत्रांच्या दुनियेतले संशोधक. 1983 मध्ये त्यांनी ही कंपनी काढली. श्रवणयंत्रात असतो तसा बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, म्हणजे विजेचा आवाज करणारा भाग, त्यांनी संगीतासाठी वापरला: दोन चुंबकांच्या मधोमध तोललेली एक इवलीशी पट्टी, तिच्याभोवती तारेचं वेटोळं. विद्युतप्रवाह बदलला की पट्टी थरथरते आणि एका बारीक काडीने पडद्याला हलवते. तांदळाच्या दोनचार दाण्यांएवढ्या डबीत हे सगळं.

दुसरा शुअरचा एसई 846, 2013 सालचा. त्यात असे चार ड्रायव्हर. बेसवाल्या ड्रायव्हरचा वरचा आवाज गाळण्यासाठी पोलादाच्या 10 पातळ पत्र्या एकमेकींना जोडून आत एक लांबलचक नागमोडी वाट कोरली आहे. किल्लीच्या कुलपात भुयार खणल्यासारखं काम.

तिसरा सेनहायझरचा आयई 900, 2021 सालचा. यात ड्रायव्हर एकच, 7 मिलिमीटरचा, साध्या स्पीकरच्याच जातीचा. सगळी करामत अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात कोरलेल्या बारीक पोकळ्यांत आहे.

(निवेदक पहिला इअरफोन कानात घालतो.)

पहिल्या दिवशी मी एसई 846 ला विजेता ठरवून मोकळा झालो. काय तो खर्ज, काय तो भरणा! दुसऱ्या दिवशी आवाजाची पातळी मोजली, तर तो बाकीच्या दोघांपेक्षा चक्क 3 डेसिबल मोठ्याने वाजत होता. फोनवरचा आकडा तिन्ही वेळा तोच ठेवला होता, पण सारख्याच विजेवर प्रत्येक इअरफोन वेगळा मोठा वाजतो. आणि थोडा मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. शिवाय पातळी चढली की कानाला बेस जास्त ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच त्याचे आलेख काढून ठेवले आहेत. दुकानात दोन इअरफोन पाठोपाठ ऐकून जो निकाल लागतो, तो बऱ्याचदा या 2-3 डेसिबलचाच असतो. माझ्या पहिल्या दिवसाच्या टिपणांची दोन पानं फाडून टाकली.

(कानाच्या नळीचं रेखाचित्र.)

पातळी जुळवली तरी कान उरतोच. मोकळी कर्णनलिका साधारण 25 मिलिमीटर लांब. एका टोकाला पडदा, दुसरं टोक उघडं; एका बाजूने बूच मारलेली बांबूची नळीच म्हणा. ती 3,000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज उचलून धरते. रोजचा प्रत्येक आवाज आपण हा उंचवटा धरूनच ऐकत आलेलो असतो, त्यामुळे मेंदूला तोच सपाट वाटतो. इअरफोन घातला की उघडं टोक बंद होतं आणि तो उंचवटा नाहीसा होतो. मग बनवणाऱ्याला तो ड्रायव्हरमधूनच परत उभा करावा लागतो, आणि तो उभा करायचा सरासरी कानासाठी. तुमचा कान सरासरी असेलच असं नाही.

वर आणखी एक गंमत. दोन्ही टोकांनी बंद झालेल्या नळीत नवीन शिखर उगवतं, साधारण 8,000 हर्ट्झजवळ. इअरफोन जरा खोल गेला की ते वर सरकतं, बाहेर आला की खाली. मिलिमीटरभराच्या फरकाने जवारीचा रंग बदलतो. मिरजेतला तो दोरा आठवतोय? इथे दोरा आपल्या बोटात असतो आणि आपल्याला ठाऊकही नसतं. प्रयोगशाळेत यासाठी ठरावीक प्रमाणाचा धातूचा कान वापरतात. त्याने काढलेला आलेख मीही बघतो, पण 10,000 हर्ट्झच्या वरचं त्याचं बोलणं फारसं मनावर घेत नाही.

डोळे बांधून चाचणी का नाही घेतली, असं विचाराल. स्पीकर पडद्याआड लपवता येतात. कानात शिरणारी वस्तू लपवायची कशी? ईआर-4 च्या टिपला, म्हणजे कानात शिरणाऱ्या मऊ टोपीला, रबराच्या तीन छत्र्या आहेत. ती आत जाताना डोळ्यांत पाणी येतं, नाव सांगायची गरजच नाही. हरमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी यावर तोड काढली: श्रोत्यांच्या कानात एकच इअरफोन ठेवायचा आणि इक्वलायझरने, म्हणजे बेसपासून वरपर्यंतचा आवाज हवा तिथे कमीजास्त करणाऱ्या साधनाने, त्याला बाकीच्यांची सोंगं घ्यायला लावायची. माझ्याकडे एवढी सोय नव्हती. मी उघड्या डोळ्यांनी, पातळी जुळवून, आठ दिवस ऐकलं. त्याला चाचणी म्हणायचं नसेल तर नका म्हणू.

(तंबोरा. एकेक इअरफोन.)

ईआर-4. जवारीचा कण न् कण सुटा. गंधार असा स्वच्छ की बोट ठेवावं. पण भोपळा कुठे आहे? तारा आहेत, घोडी आहे, भोपळा मात्र कुणी काढून नेलाय.

एसई 846. भोपळा आला, दांडीसकट आला, खर्ज छातीपर्यंत पोचला. फक्त दोरा कुणीतरी केसभर हलवून ठेवलाय. जवारी किंचित बंद. याच्या तोंडातली फिल्टरची नळी बदलता येते. उजळ आवाजाची घातल्यावर जवारी बरीच खुलली, पण पुरती नाही.

आयई 900. खाली खर्ज दणकट, वर जवारी चांदीसारखी लखलखते. मधला भाग मात्र दोन पावलं मागे बसलेला, गायकाच्या मागे तंबोरा धरून बसलेल्या शिष्यासारखा. नुसता तंबोरा ऐकायला मोह पडतो. त्यावर आवाज चढला की मला ईआर-4 पुन्हा उचलावासा वाटतो.

किमतीबद्दल एकच सांगतो. 2017 मध्ये जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनचे आलेख आणि त्यांच्या किमती शेजारी ठेवून पाहिल्या. आवाजाच्या तोलाचा आणि किमतीचा संबंध त्यांना सापडला नाही.

(निवेदक टेबलाशी. हातात टिपची छोटी डबी.)

सातव्या दिवशी लक्षात आलं की आयई 900 मधला गंधार सतत उजवीकडे झुकतोय. आधी इअरफोनवरच संशय घेतला. डावा-उजवा उलटे घातले, तरी गंधार उजवीकडेच. म्हणजे दोष माझ्यात. माझी डावी कर्णनलिका जरा अरुंद आहे, मधल्या मापाची टिप तिथे नीट बसतच नव्हती आणि फटीतून आवाज गळत होता. डावीकडे लहान टिप घातली, थोडी आत ढकलली. बारीकसा दाब जाणवला.

गंधार सरकत मधे आला.

(तंबोरा चालू राहतो.)