तीन मिनिटांची तबकडी आणि रात्रभराचा बँड

मंडळी, आत्ता ऐकलंत ते अमेरिकन जॅझमधले बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांचं 'को-को'. ६ मार्च १९४०, शिकागो, व्हिक्टर कंपनीची तबकडी. सगळा मामला पावणेतीन मिनिटांच्या आत आटोपतो. एवढ्या वेळात काय काय घडलं ते जरा बघू. हॅरी कार्नी बॅरिटोन सॅक्सोफोनवर एक खर्जातला सूर धरून बसतात आणि त्याच्यावर ट्रॉम्बोनची फळी चढते. मग हुआन तिझोल यांचा ट्रॉम्बोन हाक देतो, सगळे सॅक्सोफोन ओ देतात. पुढे 'ट्रिकी सॅम' नॅन्टन येतात. मोरी तुंबली की वापरतात त्या पंपाचं रबर ट्रॉम्बोनच्या तोंडावर धरून ते उघडझाप करतात, आणि वाद्यातून माणूस कण्हल्यासारखा आवाज निघतो. एलिंग्टन स्वतः पियानोवर एकमेकांना टोचणारे सूर टाकतात. शेवटाकडे सगळा ताफा गप्प होतो आणि जिमी ब्लॅन्टन यांचा बेस एकटा बोलतो, पुन्हा ताफा, पुन्हा बेस. ब्लॅन्टन तेव्हा एकवीस वर्षांचे होते. तेविसाव्या वर्षी क्षयाने गेले.

साचा बारा बारच्या, म्हणजे तालाच्या बारा आवर्तनांच्या, ब्लूजचा, अगदी साधा. पण प्रत्येक फेरीत एक नवा थर चढतो, आवाज दाटत जातो, आणि आता याच्यापुढे कुठे जाणार असं वाटतं तिथेच तो सुरुवातीचा खर्ज परत येऊन रचना बंद होते. यात एक सेकंद वाढवायला जागा नाही. माझ्या मते तबकडीच्या लांबीला शरण न जाता तिचाच आकार करून दाखवणारा त्या काळातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे एलिंग्टन.

ही लांबी आली कुठून, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवती फिरणार आहे. दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे. एका बाजूला मावतात तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. १९२५ पासून भोंग्याच्या जागी माइक आला, त्यामुळे बेस आणि ड्रम खऱ्या अर्थाने ऐकू यायला लागले, पण टेप अजून यायची होती. स्टुडिओत वाजेल ते थेट मेणाच्या जाड चकतीत कोरलं जायचं. जोडकाम नाही, दुरुस्ती नाही. चौदा-पंधरा माणसं, त्यातल्या एकाचा सूर सरकला की पहिल्यापासून सुरुवात. कुणाचा आवाज किती यायचा हे बरंचसं माणसं माइकपासून किती लांब बसवली यावर ठरायचं. मेणाची चकती लगेच वाजवून बघायची तर ती खराब व्हायची, म्हणजे ठेवायचा असलेला टेक वादकांनाही तिथे ऐकायला मिळायचा नाही. अशा कामातून जी सफाई आलीय तिला माझा मनापासून नमस्कार आहे.

पण स्विंग नावाचं जॅझ वाजवणारे हे बँड स्टुडिओसाठी जन्मले नव्हते. ते नाचणाऱ्यांसाठी होते. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं सॅव्हॉय बॉलरूम, लॉस एंजेलिसचं पॅलोमार, कॅन्सस सिटीतले रात्रभर चालणारे क्लब. तिथे गाणं किती चालवायचं हे पायांकडे बघून ठरायचं. काउंट बेसी यांचं 'वन ओक्लॉक जम्प' घ्या. ही रचना कुणी टेबलाशी बसून कागदावर लिहिली नाही. कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबमध्ये वाजवता वाजवता ती जमत गेली. एकाने तुकडा टाकायचा, बाजूच्याने उचलायचा, सगळ्या फळीने तो पाठ करून टाकायचा. ७ जुलै १९३७ ला डेका कंपनीने ती तीन मिनिटांत बसवली. तबकडी उत्तम आहे. बेसी, फ्रेडी ग्रीन, वॉल्टर पेज आणि जो जोन्स (पियानो, गिटार, बेस, ड्रम) या चौघांची लय इतकी हलकी आहे की बँड जमिनीला टेकतच नाही असं वाटतं. तरीही शेवटी-शेवटी एकमेकांत गुंफलेले ते तुकडे ऐकताना कळतं की ही खरी मैफल रंगात येण्याची जागा होती, आणि तबकडी तिथेच संपते.

आणि व्यवहार बघा. या डेका करारात बेसींना चोवीस बाजूंचे मिळून ७५० डॉलर मिळायचे होते, रॉयल्टी शून्य. रेडिओवर त्यांचा बँड ऐकून त्यांना पुढे आणणारे जॉन हॅमंड त्यांच्यासाठी दुसऱ्या कंपनीचा करार घेऊन पोहोचले, तोवर सही होऊन गेली होती. फ्लेचर हेंडरसन यांची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. सॅक्सोफोनची फळी एका बाजूला, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन दुसऱ्या बाजूला, आणि त्यांचे सवाल-जवाब, ही मांडणी ज्यांच्या बँडमध्ये घडली ते हेंडरसन. १९३४ मध्ये त्यांचा बँड मोडला. जेली रोल मॉर्टन यांच्या 'किंग पोर्टर स्टॉम्प'ची हेंडरसन यांनी लिहिलेली मांडणी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांनी १ जुलै १९३५ ला ध्वनिमुद्रित केली, आणि ऑगस्टमध्ये पॅलोमारला तरुण पोरांनी गुडमनना डोक्यावर घेतलं. गुडमन थोर वादक होते, हेंडरसनना त्यांनी श्रेयही दिलं. पण 'स्विंगचा राजा' ही पदवी कुणाच्या कष्टांवर उभी होती, हे हेंडरसन यांच्या स्वतःच्या बँडची १९२८ आणि १९३२ सालची 'किंग पोर्टर' लावली की आपोआप कळतं. मी कुणालाही आधी तीच ऐकवतो.

आता मुद्द्यावर येतो. याच गुडमन यांचं 'सिंग, सिंग, सिंग'. मूळ गाणं लुई प्रिमा यांचं. ६ जुलै १९३७ ला व्हिक्टरने ते बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर घेतलं, मिळून साडेआठ मिनिटांच्या वर. त्या काळात ही चैनच. जीन क्रूपा यांचे ड्रम धडधडताहेत आणि मध्येच तबकडी संपते. उठायचं, उलटवायची, सुई ठेवायची, पुढे चालू. आता त्याच्या शेजारी १६ जानेवारी १९३८ ची रात्र ठेवा, कार्नेगी हॉल. तेच गाणं बारा मिनिटांवर जातं. शेवटाकडे गुडमन यांचं क्लॅरिनेट एका उंच सुरावर जाऊन विरतं, आणि ठरलेलं नसताना पियानोवादक जेस स्टेसी यांच्याकडे सूत्रं येतात. स्टेसी जोरात वाजवत नाहीत. त्या दणदणाटाच्या मध्यावर ते एखादी प्रार्थना पुटपुटावी तसं, हळू, फ्रेंच संगीताच्या छटा घेत जवळजवळ दोन मिनिटं वाजवत राहतात. क्रूपा आवाज खाली आणतात, पण ठेका सोडत नाहीत. स्टुडिओच्या तबकडीत हा पियानो नाहीच. म्हणजे त्या रात्री तिथे मुद्रणाची सोय नसती, तर स्विंगयुगातला पियानोचा एक सर्वात सुंदर तुकडा हॉलमधल्या माणसांबरोबरच संपून गेला असता. ते मुद्रण अल्बर्ट मार्क्स यांनी करवून घेतलं होतं. रंगमंचावर टांगलेल्या माइकचा आवाज तारेवरून स्टुडिओत नेऊन तबकड्या कापल्या होत्या. त्या गुडमन यांच्या घरी कपाटात पडून राहिल्या आणि १९५० मध्ये लाँगप्ले म्हणून बाहेर आल्या.

अशा तबकड्यांवर माझा जीव आहे. रात्री उशिरा हॉटेलांतून आणि बॉलरूममधून बँडचे कार्यक्रम थेट रेडिओवर जायचे. कुणीतरी ते उतरवून ठेवले म्हणून आज काही गोष्टी आहेत. बिली हॉलिडे १९३७ मध्ये बेसींच्या बँडबरोबर गात होत्या, पण दोघांचे करार वेगवेगळ्या कंपन्यांशी, म्हणून स्टुडिओत त्यांची एकही एकत्र तबकडी झाली नाही. सॅव्हॉयमधून आणि न्यू जर्सीच्या मेडोब्रुकमधून प्रसारित झालेली तीन गाणी तेवढी उरली. विल्यम सॅव्हरी नावाचे ध्वनितंत्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये रात्री रेडिओवरून मुद्रण करायचे आणि स्वतःसाठी तबकड्या जपून ठेवायचे. ते २००४ मध्ये गेले. २०१० मध्ये तो साठा हार्लेमच्या नॅशनल जॅझ म्युझियमकडे आला. हजाराच्या आसपास तबकड्या, शंभराहून अधिक तासांचं संगीत, काही तबकड्यांचा लेप पार सोलवटलेला. त्यात कोलमन हॉकिन्स, लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकांना तीन मिनिटांचं कुंपण नाही. विचार संपेपर्यंत ते वाजवतात.

ग्लेन मिलर यांच्याबद्दल विचारलं जाईल म्हणून सांगतो. 'चॅटनूगा चू चू'च्या बारा लाख प्रती खपल्या आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांना सोनेरी तबकडी देण्यात आली. त्यांचा बँड शिस्तीचा होता, क्लॅरिनेटला वर ठेवून केलेला सॅक्सोफोनचा तो आवाज लाखांत ओळखू येतो. पण मिलर यांची तबकडी आणि मिलर यांची मैफल यांत फरक फार थोडा. म्हणून माझं मन तिथे रेंगाळत नाही.

१९४२ साल मात्र थांबून बघायला हवं, कारण तिथे आपल्याकडची एक गोष्ट येते. या तबकड्या शेलॅकच्या. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे जे कवच करतात ते. तिचा मोठा पुरवठा छोटा नागपूरच्या जंगलातून व्हायचा, आदिवासी ती फांद्यांवरून खरवडून बाजारात आणायचे. म्हणजे न्यूयॉर्कच्या ज्यूकबॉक्समध्ये, नाणं टाकून गाणी ऐकायच्या त्या यंत्रात, वाजणाऱ्या तबकडीत झारखंडचं जंगल होतं. युद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले, लाख लष्कराच्या कामाला लागायला लागली, आणि एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीचा शेलॅकचा वापर ७० टक्क्यांनी कापला. त्यावर १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली मुद्रणबंदी पुकारली. मागणी रास्त होती: रेडिओ आणि ज्यूकबॉक्समुळे वादकांची कामं जाताहेत, कंपन्यांनी भरपाई द्यावी. डेकाने १९४३ च्या सप्टेंबरात मान्य केलं. व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या.

या दोन वर्षांत काय हरवलं, याचा विचार केला की आजही हळहळ वाटते. अर्ल हाइन्स यांच्या १९४३ च्या बँडमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी एकत्र होते, गायिका सारा व्हॉन. स्विंगच्या पोटातून पुढचं जॅझ जन्माला येत होतं ते याच खोलीत. त्या बँडची एकही व्यावसायिक तबकडी नाही. सैनिकांसाठी काढलेल्या 'व्ही-डिस्क' ऑक्टोबर १९४३ पासून निघायला लागल्या, त्यांच्यासाठी संघटनेने बंदीतून सूट दिली. त्या बारा इंची, पुष्कळशा न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या, एका बाजूला सहा मिनिटांपर्यंत मावेल अशा. पण हाइन्स यांच्या त्या बँडला त्यांचा उपयोग झाला नाही.

मुंबईचा धागाही याच तबकड्यांतून येतो. १९३५ मध्ये लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी घोकून आलेले वादक त्यांच्या शेजारी बसून आणि रेकॉर्डी ऐकून ही मांडणी शिकले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांनी लुई आर्मस्ट्राँग यांचा ट्रम्पेट असाच आत्मसात केला आणि ताजमध्ये स्वतःचा बँड उभा केला. तेच पुढे आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करू लागले. 'अलबेला'त ते आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. 'शोला जो भडके' आता पुन्हा ऐका आणि फक्त मागच्या ट्रम्पेटकडे कान द्या.

ज्यांना घरी ऐकायचंय त्यांना एक विनंती. खरखर पूर्ण पुसलेल्या आवृत्त्या घेऊ नका. खरखरीबरोबर जो जोन्स यांच्या झांजेची सळसळही पुसली जाते, आणि ती गेली की बेसींचा बँड उरत नाही. थोडी खरखर राहू द्या, दहा मिनिटांत कान तिला सरावतात.

शेवटची तबकडी लावण्याआधी ती कुठली ते सांगतो. ७ नोव्हेंबर १९४०. नॉर्थ डकोटातलं फार्गो शहर, क्रिस्टल बॉलरूम. जॅक टावर्स आणि डिक बरिस या दोन तरुणांनी एलिंग्टन यांची परवानगी मिळवली, बोली एवढीच की हे विकायचं नाही. आपलं ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन ते मंचाशी बसले. सोळा इंची तबकड्या, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूला पंधरा मिनिटांचं संगीत. कूटी विल्यम्स नुकतेच बँड सोडून गुडमन यांच्याकडे गेले होते आणि त्यांच्या खुर्चीत नवखे रे नान्स होते. बाहेर थंडी, आत नाचणारी माणसं, त्यांच्या बोलण्याचा आवाज, आणि ब्लॅन्टन यांचा बेस स्टुडिओतल्यापेक्षाही जवळ. हे मुद्रण १९७८ मध्ये रीतसर प्रसिद्ध झालं आणि पुढे त्याला ग्रॅमीही मिळालं.

त्या रात्रीचं 'स्टारडस्ट' बेन वेब्स्टर यांचं आहे. ते चार मिनिटांच्या वर जातं, म्हणजे दहा इंची तबकडीत मावलंच नसतं. पहिल्या फेरीत वेब्स्टर चाल जवळजवळ सरळ ठेवतात. दुसऱ्या फेरीत त्यांच्या टेनर सॅक्सोफोनमधल्या श्वासाकडे लक्ष द्या. सूर संपल्यावरही हवा कशी चालू राहते ते ऐका. लावतो.