मर्केल सेल कार्सिनोमा: पीडी-एल१ची स्लाइड वाचण्याआधी आणि वाचताना

(जळगाव येथे सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि लॅब टेक्निशियन यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, विषय मर्केल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा आहे, पण सुरुवात गाठीचा तुकडा ज्यात टिकवतो त्या फॉर्मलिनच्या बाटलीपासून करू. पीडी-एल१ म्हणजे पेशीवरचं, टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींना थोपवणारं प्रथिन. त्याच्या तपासणीचा रिपोर्ट चुकायला लागतो तो तिथेच.

बाजारातल्या फॉर्मलिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ, हे झालं आपलं १० टक्के फॉर्मलिन. लिटरमागे ४ ग्रॅम मोनोबेसिक आणि ६.५ ग्रॅम डायबेसिक सोडियम फॉस्फेट घातलं की ते बफर्ड होतं. बफर नसेल तर द्रव आंबट होत जातो आणि स्लाइडवर तपकिरी-काळे कण दिसतात. पीडी-एल१ दाखवणारा आपला डीएबीचा रंगही तपकिरीच, म्हणजे घोटाळा ठरलेला. तुकड्याच्या निदान दहापट द्रव घ्या. गाठ मोठी असेल तर चिरून ठेवा, नाहीतर बाहेरून घट्ट आणि आतून कुजलेली अशी ती हाती येते. फिक्सेशन, म्हणजे तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरणं, सहा तासांपेक्षा कमी नको, ७२ तासांपेक्षा जास्त नको. नंदुरबारहून शनिवारी संध्याकाळी निघालेला तुकडा सोमवारी सकाळी पोचला तर चालतं. सलाइनमध्ये घालून पाठवला, तोही मे महिन्यातल्या आपल्या उन्हात, तर त्यावर डोकं लावू नये.

आता आजार. फ्रीडरिक मर्केल यांनी त्वचेतल्या या पेशी १८७५ साली वर्णिल्या, टोकर यांनी हा कर्करोग १९७२ साली नोंदवला आणि २००८ साली पिट्सबर्गमध्ये त्यात पॉलिओमा विषाणू सापडला. साधारण ८० टक्के गाठींत तो असतो. ‘घरात कुणाला लागण होईल का?’ असं नातेवाईक हमखास विचारतात. तसं होत नाही. हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या त्वचेवर असतोच, आणि गाठीत तो पेशीच्या डीएनएत तुटक्या रूपात अडकलेला असतो. त्यातून नवे विषाणू तयार होत नाहीत.

विषाणूची प्रथिनं शरीराला परकी. म्हणून टी-पेशी चालून येतात आणि इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात. त्याला उत्तर म्हणून गाठीतल्या पेशी आणि शेजारचे मॅक्रोफेज (भक्षक पेशी) पीडी-एल१ वर काढतात. तो टी-पेशीवरच्या पीडी-१ या रिसेप्टरला चिकटला की टी-पेशी थंड पडते. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: रंग बहुधा गाठीच्या कडेला, लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) जमलेल्या पट्ट्यात दिसतो. मधोमध घेतलेली छोटी पंच बायोप्सी निगेटिव्ह आली, एवढ्यावरून गाठ निगेटिव्ह ठरत नाही. कडेचा भाग मिळेल असा तुकडा घ्या आणि चिमट्यानं दाबू नका. या पेशी इतक्या नाजूक की चिरडून निळ्या रेघा होतात. रेघांवर रंगलेल्या पेशींची मोजणी करता येत नाही.

मोजणीची खरी अडचण पुढे आहे. मर्केल पेशीला सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा पेशीद्रव) जेमतेम, त्यामुळे पटलावरचा रंग केसाएवढा बारीक दिसतो आणि मध्ये शिरलेला मॅक्रोफेज सहज गाठीची पेशी म्हणून मोजला जातो. शेजारच्या सेक्शनवर सीके२० या केराटिन प्रथिनाची तपासणी करा. केंद्रकाला चिकटलेला ठिपका दिसला की ती आपली पेशी. कंट्रोलला टॉन्सिल घ्या: क्रिप्टचं (खाचेचं) एपिथेलियम गडद आणि जर्मिनल सेंटरमधले (लिम्फोसाइटच्या गोल पुंजक्यांतले) मॅक्रोफेज फिके यायला हवेत. क्रिप्टच फिकी असेल तर रुग्णाची स्लाइड वाचू नका, पुन्हा रंगवा. मोजायला निदान १०० जिवंत पेशी हव्यात. रंगवायला वापरलेल्या अँटिबॉडीचा प्रकार, म्हणजे क्लोनही लिहा. एसपी१४२ हा क्लोन गाठीच्या पेशी इतरांपेक्षा कमी रंगवतो, तेव्हा त्याचा आकडा २२सी३ या दुसऱ्या क्लोनच्या आकड्याशेजारी मांडणं चूक.

आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पीडी-एल१ला अडवून टी-पेशींना मोकळं करणाऱ्या ‘औषधाचा उपयोग नाही’ असं सांगून मोकळे होऊ नका. औषध महाग आहे, त्यामुळे हा मोह फार होतो. अव्हेलुमॅब या अशा औषधाला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली ती पीडी-एल१ची अट न घालता. निगेटिव्ह गाठींनीही प्रतिसाद दिलेला आहे. विषाणू नसलेल्या गाठींनीही दिला आहे. त्यांत उन्हानं झालेले जनुकीय बदल खंडीभर असतात आणि टी-पेशींना तेही परकेच वाटतात. मोकळ्या झालेल्या टी-पेशी शरीराच्या इतर भागांवरही उलटू शकतात, म्हणून औषध देण्याआधी किडनी ट्रान्सप्लांट झालंय का, संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार आहे का, हे मात्र विचाराच.

सर्जन मंडळींकडे एकच मागणं. फॉर्मवर गाठीची जागा लिहिताच. तिच्याखाली तुकडा बाटलीत कधी पडला, ती तारीख आणि वेळही लिहा.