काचेतली दोन पानं

मंडळी, विषय आहे ‘दुर्मिळ हिब्रू ग्रंथ लोकांसमोर कसे मांडावेत’. अध्यक्षांनी घड्याळ माझ्यासमोरच ठेवलंय. माझा लौकिक त्यांच्या कानावर गेलेला दिसतो.

आधी तक्रार. एका संग्रहालयात (नाव सांगत नाही) जुना छापील हिब्रू ग्रंथ मांडला होता, खाली चिठ्ठी ‘पहिले पान’. बघतो तर शेवटचं! हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते, आपल्याला जी पुस्तकाची पाठ वाटते तिथं त्याचं तोंड असतं. रखवालदाराला सांगितलं तर म्हणाला, “साहेब, इथं वाचायला कोण येतंय?”

येतात हो! 1956 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात प्रदर्शन भरलं. ज्यूंना इंग्लंडात पुन्हा राहू दिलं, त्याला तीनशे वर्षं झाली होती. जॅक लुन्झर नावाचे हिऱ्यांचे व्यापारी तिथं गेले आणि एका पेटीपुढे खिळलेच. समोर बॉम्बर्गचा ताल्मुद, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राचा, त्यावरच्या चर्चेचा थोरला ग्रंथ. हा डॅनियल बॉम्बर्ग अँटवर्पचा, धर्मानं ख्रिस्ती. त्यानं सोळाव्या शतकात, 1523 पर्यंत, व्हेनिसमध्ये अख्खा बॅबिलोनी ताल्मुद पहिल्यांदा छापून काढला. मधे मूळ, दोन्ही बाजूंना त्यावरचं भाष्य. त्यानं घातलेले पानांचे आकडे आजही चालतात. पुढे 1553 मध्ये रोममध्ये ताल्मुदांची होळी झाली, त्यामुळे पूर्ण संच म्हणजे दुर्मिळच. आणि हा कोरा करकरीत संच कुणाचा, तर वेस्टमिन्स्टर ॲबीचा, लंडनमधल्या ख्रिस्ती चर्चचा! लुन्झरनी मागितला, ॲबी काही देईना. हा गृहस्थ वीसएक वर्षं मागे लागला. अखेर ॲबीचीच काही शतकांपूर्वीची सनद त्यांनी विकत मिळवली, ती ॲबीला दिली आणि ताल्मुद घरी आणला. बोहारणीनं हात जोडावेत असा सौदा! 2015 मध्ये न्यूयॉर्कला तो 93 लाख डॉलरना गेला.

घंटा झाली? बरं, मुद्दा पटकन सांगतो. पेटीत दोनच पानं दिसतात, म्हणून ती निवडायची बघणाऱ्यासाठी. उजेड पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आत, पान दर तीन महिन्यांनी उलटायचं, हाताळायला शेजारी हुबेहूब प्रत. आणि डागाळलेलं पान लपवू नका! वल्हांडण म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याचा ज्यूंचा सण; त्या रात्री हग्गादा, म्हणजे त्या सुटकेची पोथी, वाचताना देवानं मिसरवर आणलेल्या दहा पीडांचं नाव येतं, तेव्हा प्रत्येक पीडेला द्राक्षारसाचा एकेक थेंब काढून टाकतात. जुन्या प्रतींत नेमक्या त्या पानावर डाग असतात. मांडणारे साहेब मात्र स्वच्छ पान हुडकतात.

आपल्या पुण्यातच 1874 मध्ये बेने इस्राएलांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाछापावर निघाली. त्यात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाच्या बेखमीर भाकरी करताहेत. ती मांडाल तेव्हा आधी हे चित्र उघडा; तीन महिन्यांनी पीडांचं पान.

उठतो, अध्यक्ष, उठतो.