चिखलाने आणलं, फुटपाथने नेलं

1800 सालचं पॅरिस डोळ्यासमोर आणा. आयफेल टॉवर नाही हं, त्याला अजून 89 वर्षं आहेत. रस्ते अरुंद, फुटपाथ जवळजवळ नाहीतच, मधोमध गटार वाहतंय, घोडागाडी गेली की चिखल थेट अंगावर. अशात भारी कपडे घालून खरेदीला निघायचं कसं?

मग पैसेवाल्यांनी डोकं लावलं. दोन रस्त्यांच्या मधे ज्या इमारती आहेत त्यांच्यातूनच एक बोळ काढायचा, दोन्हीकडे दुकानं, आणि वर काचेचं छप्पर, झालं काम! पाऊस बाहेर, उजेड आत. याला तिथे म्हणतात पासाज. हा बघा पासाज दे पानोरामा, 1800 चा, अजून चालू आहे, आणि 1817 च्या सुमारास पॅरिसमधे गॅसचे दिवे आले ते अगदी सुरुवातीला इथेच लागले, म्हणजे अंधार पडला तरी दुकानं झगझगीत. कित्येक जण तर नुसते दिवे बघायलाच येत असतील, नाही का?

मग काय, लाटच आली. 1823 ची गालरी व्हिव्हिएन, खाली मोझेकची फरशी, आजही बघतच राहावं अशी. 1840 च्या दशकातला पासाज जुफ्रुआ, लोखंड आणि काचेचा, थंडीत पाय गारठू नयेत म्हणून फरशीखालून ऊब दिलेली.

आणि मग रस्तेच सुधारले. 1853 पासून ओसमान नावाच्या अधिकाऱ्याने तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने अख्खं शहर उकरलं, रुंद बुलेव्हार, दोन्हीकडे ऐसपैस फुटपाथ, झाडं. बाहेरच चालायला मजा यायला लागल्यावर बोळात कोण शिरणार? त्यात बाँ मार्शेसारखी मोठी दुकानं, किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, काही न घेता हिंडलात तरी चालेल. पासाजमधल्या एकेकट्या छोट्या दुकानदाराचं काय चालणार त्यांच्यापुढे! 1925 मधे तर पासाज द लोपेरा पाडलाच, कशासाठी, तर बुलेव्हार ओसमान पुढे न्यायला. माणूस जाऊन 34 वर्षं झाली होती, नाव मात्र अजून पाडापाडी करतंय.

त्याआधी, 1850 च्या दशकात, 1828 च्या पासाज ब्राडीचेही नव्या बुलेव्हारने दोन तुकडे केले. त्यातल्या एका तुकड्यावर काच अजून आहे, मळकट, पण आहे. खाली मसाल्यांची दुकानं, भारतीय-पाकिस्तानी हॉटेलं, दारात उभी राहून गिऱ्हाईकाला हाका मारणारी पोरं, आणि बाहेर पाऊस लागला की लोक आजही पटकन आत शिरतात.