मावशीचे चार सेकंद

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'सिनेमा जपायचा कोणी' आणि त्यावर मी बोलणारच आहे, पण आधी जरा हात वर करा, घरात सिनेमाच्या डिस्क अजून ठेवल्यात असे किती जण आहेत? अरे वा, बरेच की. आता ज्यांच्याकडे चालू प्लेअरही आहे त्यांनीच हात वर ठेवा. बघा, धडाधड खाली आले. म्हणजे जे सिनेमे आपले आहेत ते कपाटात पडून आहेत आणि बघायला यंत्र नाही. ही गोष्ट मला गेली दोन वर्षं छळतेय आणि आज तुम्ही तावडीत सापडलायत.

एक आधीच सांगून टाकतो, मी स्ट्रीमिंगच्या विरोधात नाही. आठवड्यातले चार दिवस मीही तेच बघतो. एखाद्या देशाचा सिनेमा, ज्याची डिस्क मला जन्मात मिळाली नसती, तो सबटायटल्ससकट रात्री अकरा वाजता घरात बघायला मिळतो ही साधी गोष्ट नाहीये, आमच्या कॉलेजच्या दिवसांत त्यासाठी फिल्म सोसायटीच्या लायनीत उभं राहावं लागायचं. बघायला स्ट्रीमिंग उत्तमच आहे. माझं भांडण 'विकत घ्या' या बटणाशी आहे. भाड्याने घ्या म्हणा, वर्गणी भरा म्हणा, काही तक्रार नाही. पण विकत घ्या म्हणायचं आणि द्यायचं काय तर बघायची परवानगी, हे मला पटत नाही.

आता मावशीची गोष्ट. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, तरुणपणी एका सिनेमात होती. होती म्हणजे गर्दीत होती. शूटिंग बघायला गेली आणि गर्दीला माणसं कमी पडत होती म्हणून बसवली. सभेचा सीन आहे, मागे लोक उभे, मधे खुर्च्यांवर मंडळी, आणि सगळ्यात पुढे जमिनीवर बायकामुलं बसलीयत, त्यात डावीकडून तिसरी मावशी. उकडत होतं म्हणून हातातल्या कागदाने वारा घेतेय. चार सेकंद. मी स्टॉपवॉच लावून मोजलेत. आमच्या घरात तो सिनेमा त्या चार सेकंदांचाच आहे, नायक कोण, व्हिलन कोण, शेवटी काय होतं, कोणाला काही देणंघेणं नाही. सगळी भावंडं जमली की तो सीन लावायचा आणि मावशीने दर वेळी "अगं बाई, किती बारीक होते मी" म्हणायचं, हे ठरलेलं.

मग डिजिटल आलं, तो सिनेमा एका सेवेवर दिसला आणि मी त्याच दिवशी विकत घेतला. बटणावर तेच लिहिलं होतं, विकत घ्या. बघितला, मावशी जागेवर होती, मी निर्धास्त झालो. पुढे मावशी गेली. आणि ती गेल्यावर वर्षभराने सगळे जमलो तेव्हा तिची नात, सहा वर्षांची, मला म्हणाली मामा, आजीचा पिक्चर लाव ना. लावला. सभेचा सीन आला, गेला. मावशी नाही. मागे नेला, परत लावला, नाही. पोरगी टीव्हीला नाक लावून बसलेली, "आजी कुठाय?" म्हणून विचारतेय आणि मला कळेचना काय सांगू.

तिसऱ्यांदा लावल्यावर माझ्या लक्षात आलं. पडद्याच्या अगदी खालच्या कडेला कागदाचा एक कोपरा वर-खाली, वर-खाली होत होता. मावशीचा कागद. मावशी त्याच्या खाली, फ्रेमच्या बाहेर.

झालं काय होतं ते सांगतो, कारण हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी फ्रेमचे असतात, ४:३. आजचे टीव्ही १६:९. तो चौकोन रुंद टीव्हीवर लावला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि ते यायलाच हवेत, चित्रच तेवढं आहे. पण लोकांना पट्टे आवडत नाहीत असं कोणीतरी ठरवतं आणि पडदा भरण्यासाठी वर-खाली कापतं. हिशोब करून बघा, ४:३ चं १६:९ करायचं तर उंचीतला २५ टक्के भाग जातो. चौथा हिस्सा! या सीनमध्ये उभ्या माणसांची डोकी वाचवायची म्हणून कापणाऱ्याने सगळं खालूनच कापलं होतं. जमिनीवर बसलेली आख्खी रांग गेली. आणि मी विकत घेतलेली, मावशी असलेली प्रत परस्पर बदलून तिथे ही 'नवी सुधारित' प्रत ठेवली होती. मला ना विचारलं, ना कळवलं.

मी तक्रार केली. चॅटवर जो कोणी होता तो फार सभ्य होता, त्याला मी दोष देत नाही. तो म्हणाला सर, सिनेमा आपल्या लायब्ररीत उपलब्ध आहे. मी म्हटलं हो, पण मी घेतला तो हा नाही. तो म्हणाला ही जास्त चांगल्या क्वालिटीची आवृत्ती आहे. मी म्हटलं यात माझी मावशी नाही. त्यावर तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग अटींची लिंक पाठवली. त्या मी रात्री बसून सगळ्या वाचल्या. त्यात होतं की मला मिळालाय तो परवाना, आणि कंटेंट बदलायचा, काढून घ्यायचा हक्क त्यांचा. हे मी विकत घेतानाच मान्य केलं होतं. तुम्हीही केलंय, इथल्या प्रत्येकाने केलंय.

शेवटी मावसबहिणीने माळ्यावरचा खोका उपसला, त्यात जुनी डीव्हीडी निघाली. लावली तर बरोबर त्या सीनच्या दोन मिनिटं आधी अडकली, चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि ठप्प. डिस्क उजेडात तिरकी धरली तर धुळीचा आणि बोटांच्या तेलकट डागांचा पट्टा दिसला, मधे एक बारीक चरा. आता हे नीट ऐका, घरी गेल्यावर उपयोगी पडेल. डिस्क पुसताना गोल गोल पुसायची नाही. मऊ सुती कापड घ्यायचं आणि मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसायचं. कारण डिस्कवरची माहिती मधून बाहेर सर्पिल रेघेत लिहिलेली असते. गोल पुसताना चरा पडला तर तो त्या रेघेच्याच बाजूने पडतो आणि सलग मोठा तुकडा वाचता येत नाही. आडवा चरा प्रत्येक वेढ्याचा केसाएवढा भाग खातो, आणि तेवढा भाग प्लेअर गणित करून भरून काढतो, तशी सोय डिस्कवर लिहितानाच करून ठेवलेली असते. तर पुसली, लावली, आणि मावशी आली. ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं ते धुरकट चित्र, आणि त्यात मावशी वारा घेतेय. पोरीने ते नऊ वेळा बघितलं.

डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कचं तंत्र वेगळं, तिथे लेझर लाल नाही, निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०. म्हणून रेघा जास्त दाट बसतात आणि ४.७ जीबीच्या जागी एका थरात २५ जीबी मावतात, ४के डिस्कवर तर १०० पर्यंत. स्ट्रीमिंगचं ४के साधारण सेकंदाला १५ मेगाबिटच्या आसपास येतं, डिस्कला १०० च्या वर जाण्याची मुभा आहे. फरक बघायचा असेल तर उजेडातला सीन लावूच नका, अंधारातला लावा. अंधाऱ्या खोलीतली भिंत स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा पायऱ्या पायऱ्यांची दिसते, काळ्याचे पट्टे पडतात, तीच डिस्कवर सलग उतरत जाते. ज्या कॅमेरामनने त्या अंधारासाठी दिवसभर दिवे हलवले त्याचं काम आपण बघतच नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं.

आणि डिस्क म्हणजे सगळं पवित्र असंही नाही. एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालू न देणारा रीजन कोड नावाचा जाच डिस्कवरच होता. १९९८ ला अमेरिकेत डिव्हेक्स नावाची डिस्क निघाली होती, लावल्यापासून ४८ तासांनी बंद, पुन्हा बघायची तर परत पैसे, प्लेअरला टेलिफोनची वायर जोडायची. लोकांनी ती घेतलीच नाही, वर्षभरात, १९९९ ला गुंडाळली. तेव्हा लोकांनी जे नाकारलं तेच आज... हो, चिठ्ठी मिळाली, दहा मिनिटं. मावशीने वेळ खाल्ला. आता मूळ विषय भराभर सांगतो.

सिनेमा जपायचा कोणी? माझं म्हणणं, ज्याच्या हातात प्रत आहे त्याने. १९२२ चा 'नोस्फेराटू' हा सिनेमा घ्या, 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता काढलेला. म्हणून कादंबरीच्या लेखकाच्या पत्नीने खटला भरला, १९२५ ला कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. तरी तो आज आपण बघतो, कारण काही प्रती आधीच इकडेतिकडे पांगल्या होत्या. सगळा सिनेमा एकाच सर्व्हरवर असता तर एका दुपारचं काम होतं. बीबीसीने साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या टेप पुसल्या, ९० हून जास्त भागांचं चित्र सापडत नाही, पण त्या सगळ्यांचा आवाज मात्र आहे, कारण घरोघरी प्रेक्षकांनी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. ज्यांचं काम होतं त्यांनी पुसलं, ज्यांना आवड होती त्यांनी वाचवलं.

आजही तेच चाललंय. २००९ ला अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलमधून, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्रातून, परत काढून घेतली, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, पैसे परत दिले, पण घरात शिरून पुस्तक नेता येतं हे सगळ्यांना कळलं. अल्ट्राव्हायोलेट ही डिजिटल सिनेमे ठेवायची सोय ३१ जुलै २०१९ ला बंद झाली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनवर विकलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढणार म्हणून जाहीर केलं, ओरडा झाला तेव्हा थांबले. १९७१ च्या 'द फ्रेंच कनेक्शन'मधला एक छोटा प्रसंग २०२३ मध्ये डिजिटल आवृत्तीतून गायब झालेला लोकांना दिसला, जुनी डिस्क ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तो आहे. कॅलिफोर्नियाने आता कायदा केलाय, १ जानेवारी २०२५ पासून लागू, की परवानाच देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणता येणार नाही. चांगलं आहे, पण सांगितल्याने प्रत माझी होत नाही.

डिस्कही कुजते, जुन्या लेझरडिस्कचा अ‍ॅल्युमिनियमचा थर हवा शिरून खराब झाला, काही डीव्हीडींचंही तेच. प्लेअर बनवणारे कमी होतायत. पोस्टाने डीव्हीडी पाठवण्यापासून सुरुवात केलेल्या नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची पाठवली. म्हणून आत्ताच, प्लेअर मिळतायत तोवर, ज्या सिनेमावर जीव आहे त्याची प्रत घ्या, वर्षातून एकदा लावून बघा, उभी ठेवा, उन्हापासून लांब ठेवा. दहा असल्या तरी पुरे, पण लावून बघा.

आणि शेवटचं, डिस्क उसनी देता येते. विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याला द्यायला कोणाला विचारावं लागत नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९०८ ला पुस्तकाबद्दल हे म्हणून ठेवलंय. तर या पिशवीत मी बावीस डिस्क आणल्यात. दाराशी टेबलावर मांडतो, वही ठेवलीय, नाव लिहा आणि घेऊन जा, महिन्याभरात परत आणा. प्लेअरही एक आहे, तो पाळीपाळीने. मावशीची डीव्हीडी त्यात नाहीये, ती नातीकडे आहे.