चेंडूकडे बघू नका

मंडळाने विषय दिलाय : अमेरिकन फुटबॉलचे सात पंच कुठे उभे राहतात आणि काय बघतात. ते सांगणारच आहे. पण आधी एक दुखणं ऐकून घ्या.

शुक्रवारी रात्री मी हायस्कूलच्या सामन्यांना लाइन जज, म्हणजे कडेच्या रेषेवरचा पंच, म्हणून उभा असतो. पाठीमागे पालक. चेंडू पलीकडे गेला, की मागून हमखास आवाज येतो, ‘हा माणूस बघतोय कुठे?’ अहो, चेंडूकडे न बघण्यासाठीच तर उभा केलाय मला!

24 सप्टेंबर 2012, सिएटल. एनएफएल या व्यावसायिक लीगचा सामना, सिएटल विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स. ग्रीन बेचं कुणी आहे का इथे? आहे? मग आधीच माफी मागतो. करारावरून बिनसल्यामुळे नेहमीचे पंच बाहेर आणि मैदानावर बदली पंच. पॅकर्स 12-7 ने पुढे, आठ सेकंद शिल्लक. सिएटलचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, रसेल विल्सन याने 24 यार्डांवरून एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पास उंच भिरकावला, तो माणसांच्या ढिगात पडला. दोन पंच धावत आले. एकाने दोन्ही हात वर करून टचडाउन, म्हणजे त्या पट्ट्यात चेंडू मिळवल्याचे गुण, दिलं, शेजारच्याने त्याच वेळी डोक्यावर हात हलवून घड्याळ थांबवायची खूण केली. तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. टचडाउन कायम राहिलं, सिएटल 14-12 ने जिंकलं आणि दोन दिवसांत पंचांशी समझोता झाला.

चेंडू सिएटलच्या टेटचा की ग्रीन बेच्या जेनिंग्जचा, यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. येऊ देत. त्याआधी टेटने दोन्ही हातांनी ग्रीन बेच्या सॅम शील्ड्सला ढकललं, त्याचं काय? दुसऱ्या दिवशी लीगनेच मान्य केलं, की तिथे फाउल द्यायला हवा होता. फाउल दाखवायला पंच टाकतो तो रुमाल का पडला नाही? माझं म्हणणं, चेंडू वर गेला आणि डोळेही वर गेले. फाउल माणसं करतात, आणि ती जमिनीवर असतात! (हशा)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो आता.

पांढऱ्या टोपीचा रेफरी क्वार्टरबॅकच्या मागे, त्याच्या फेकत्या हाताच्या बाजूला. चेंडू सुटला तरी याची नजर क्वार्टरबॅकवरच, कारण दांडगाई नंतर होते. पास झेलला की नाही, हे त्याला बहुधा प्रेक्षकांच्या ओरड्यावरून कळतं. दोन्ही साइडलाइनला, चेंडूच्या रेषेत, डाउन जज आणि लाइन जज : आधी कोण हललं ते बघायचं, मग आपला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा. वीसेक यार्डांवर दोन कडांना फील्ड जज आणि साइड जज, मधोमध आणखी खोल बॅक जज. कुणी कुठला रिसीव्हर बघायचा हे स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधीच ठरतं, पंगतीत वाढप्यांनी रांगा वाटून घ्याव्यात तसं. दोघं एकाच पानावर वाकले, की तिसरं पान रिकामं. कॉलेजला आठवा असतो, सेंटर जज. हायस्कूलला आम्ही बहुतेक ठिकाणी पाचच, म्हणजे तेवढंच मैदान आणि शिव्या मात्र माणशी जास्त.

राहिला अंपायर. आधी तो बचावफळीच्या मागे, ऐन गर्दीत असायचा आणि तुडवला जायचा. 2010 मध्ये एनएफएलने त्याला आक्रमणाच्या मागे, रेफरीच्या पलीकडच्या बाजूला नेलं. मात्र पहिल्या अर्धाच्या शेवटच्या दोन आणि सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा जुन्याच जागी! का, तर संघ घाईत असतात, चेंडू झटपट जागेवर ठेवायला जवळ माणूस हवा. म्हणजे त्रेपन्न मिनिटं जिवाची काळजी आणि ऐन धुमश्चक्रीत ‘जा बाबा पुढे’. यावर मला अजून बरंच बोलायचं होतं, पण अध्यक्ष उभे राहिलेत.